स्विंडनची जोळ : कालव्यावरच्या कामाच्या नोंदी, 2025

जुना कालवा हौसेनं दुरुस्त करणाऱ्या आमच्या मंडळाची अधिकृत वही इंग्रजीत असते: तारीख, हवा, माणसं, तास, झालेलं काम, अपघात असल्यास. ती माझ्याकडे आहे, कारण माझं अक्षर वाचता येतं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. (खरं कारण, बाकी कुणी हात वर केला नाही.) ही दुसरी वही माझी. बाबांना फोनवर वाचून दाखवायची, म्हणून मराठीत. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे, राहायला खारेपाटात, धरमतर खाडीच्या काठी. जन्मभर बंदिस्तीची, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घालतात त्या बांधांची, कामं केलेला माणूस. त्यांना अर्धवट सांगून चालत नाही, उलटतपासणी होते.

शनिवार, 18 जानेवारी
थंडी कडक, दव गोठलेलं. माणसं 11. काम: झाडोरा तोडणे.

आधी जागा सांगते. इंग्लंडमधल्या स्विंडन गावाच्या बाहेर एका शेताच्या कडेला विल्ट्स अँड बर्क्स कालव्याचं जुनं लॉक आहे. लॉक म्हणजे कालव्यातली पायरी. दोन्ही अंगांना विटांच्या भिंती, दोन्ही टोकांना दरवाजे, मध्ये सात फूट रुंदीचा लांबट हौद. होडी आत आली की दरवाजे लावून पाणी भरायचं, होडी वर येते. पाणी सोडलं की खाली जाते. आमच्या लॉकला आज दरवाजे नाहीत, पाणी नाही, आणि होडीचं नावच नको. भिंतीतून एल्डरची झाडं उगवलीत, मनगटाएवढ्या मुळ्या विटा ढकलून बाहेर आल्यात.

या वर्षीचा बेत: ढासळलेली भिंत कमरेइतकी उभी करायची, वरच्या अंगाला वीस मीटर कालव्याचा तळ आणि काठ चिकणमातीनं बांधून घ्यायचे, आणि हिवाळ्याच्या आत तेवढ्यात पाणी भरून ते राहतं का बघायचं. वीस मीटर. पूर्ण कालवा 52 मैलांचा होता.

झाडं 1 मार्चच्या आत तोडायची. त्यानंतर ऑगस्ट संपेपर्यंत पाखरांची वीण असते, कुंपणाला हात लावायचा नाही. ब्लॅकथॉर्नचे काटे करवंदीच्या वरताण. हातमोज्यातून आरपार जातात आणि मोडून आत राहतात.

तोडलेलं सगळं पेटवलं. निखारे पडल्यावर पोस्टमनकाकांनी चांदीच्या कागदात गुंडाळलेले बटाटे आत सारले, आणि मला एकदम पोपटीची आठवण झाली. जानेवारीचा महिना, शेताचा बांध, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. मी त्यांना सगळं वर्णन करून सांगितलं. मडकं उलटं का ठेवायचं, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. इंजिनिअर माणसं आहेत. बटाट्याबरोबर मी नेलेली लसणाची सुकी चटणी संपली.

नवीन पोरगा आलाय, एकोणीस वर्षांचा. त्याला सुरक्षेचं कार्ड वाचून दाखवलं. त्यात ‘वाइल्स डिसीज’ असं भारदस्त नाव आहे: उंदराच्या मुतानं दूषित पाण्यातून होतो, जखम झाकून ठेवा, ताप आला तर डॉक्टरला कालव्यावर काम करता असं सांगा. म्हणजे आपला लेप्टो. लावणीच्या दिवसांत कोकणात पोरासोरांना ठाऊक असतो.

शनिवार, 8 फेब्रुवारी
पाऊस. माणसं 10. काम: नाही.

दहा जण लोखंडी कंटेनरमध्ये, एक किटली, एक हीटर. अशा दिवशी अण्णा बोलतात. त्यांचं नाव अर्थातच अण्णा नाही. इथं सत्याहत्तर वर्षांच्या माणसालाही पहिल्या नावानं हाक मारतात, आणि पंधरा वर्षं झाली तरी तिथं माझी जीभ अडखळते. म्हणून तोंडावर नाव आणि वहीत अण्णा.

कालव्याचा कायदा पार्लमेंटात झाला 1795 साली. (खर्ड्याच्या लढाईचं साल, हे मी मध्येच घुसडलं. त्यांनी मान डोलावली.) सेमिंग्टनकडून खणत खणत 1804 ला स्विंडन गाठलं, 1810 ला ॲबिंग्डनपाशी थेम्स. मुख्य कालव्यावर 42 लॉकं. माल मुख्यतः सॉमरसेटच्या खाणींचा कोळसा. पाणी कमी पडायला लागलं तेव्हा 1822 साली कोट वॉटर हा तलाव केवळ कालव्यासाठी बांधला. आज तिथं लोक बदकं बघायला जातात आणि तळं नैसर्गिकच आहे असं समजतात. मीही समजत होते.

मग ग्रेट वेस्टर्न रेल्वे आली. तिच्या बांधकामाचं सामान याच कालव्यातून वाहून नेलं. कालव्याला त्या वर्षांत बरकत होती! 1841 ला लंडन-ब्रिस्टल मार्ग पुरा झाला आणि कालव्याची उतरती कळा सुरू झाली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे इंग्रजीत कसं सांगावं ते सुचेना. शेवटी कुऱ्हाडीनं झाडाकडे दांडा मागितला अशी गोष्टच सांगितली. अण्णा खो खो हसले, कारण ते स्वतः कुऱ्हाडीच्या बाजूचे. 1964 ला स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात शिकाऊ फिटर म्हणून लागले, बाप आणि आजा तिथलेच, आणि 1986 ला कारखाना बंद झाला तेव्हा बाहेर पडले. “आमच्या आज्यांनी कालवा मारला. मग आमचं झालं तेच,” म्हणाले, आणि किटली पुन्हा चढवली.

1901 मध्ये स्टॅनलीचा जलसेतू कोसळला. मार्डेन नदीवरून कालवा नेणारा पूल. त्यानंतर वाहतूक जवळपास संपलीच. 1914 ला पार्लमेंटानं कायदा करून कालवा सोडून दिला. सोडून दिला, म्हणजे जमीन आजूबाजूच्या मालकांकडे गेली. म्हणून आज शंभर यार्ड कालवा साफ करायचा तर आधी शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यावा लागतो. गावातला भाग बुजवला. स्विंडनच्या बाजारपेठेतल्या रस्त्याला कॅनॉल वॉक म्हणतात, तिथं मी कित्येक वर्षं चपला घेतल्या, पण नाव कशावरून पडलं हे कधी मनात आलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं काही लॉकं सुरुंगाच्या सरावासाठी उडवली. आमची भिंत सुरुंगानं गेली की एल्डरच्या मुळ्यांनी, यावर मंडळात दोन तट आहेत. सुरुंगवाले जास्त, कारण ती गोष्ट सांगायला बरी वाटते.

1977 साली काही मंडळींनी हा कालवा वाचवायचं मनावर घेतलं, आणि त्यातून आजचा विल्ट्स अँड बर्क्स कॅनॉल ट्रस्ट उभा राहिला. शेजारचा केनेट अँड एव्हन कालवाही पूर्वी असाच मरणपंथाला लागला होता. तो 1990 मध्ये खुद्द राणीच्या हस्ते पुन्हा खुला झाला. कामाला कंटाळा आला की कुणीतरी केनेट अँड एव्हनचं नाव घेतं. आमच्याकडे हरिश्चंद्राचं घेतात तसं.

शनिवार, 22 फेब्रुवारी
माणसं 9. झाडोरा संपला. उरलेले बुंधे 23, मी मोजले. 1 मार्चची मुदत पाळली गेली याचंच सगळ्यांना आश्चर्य.

शनिवार, 15 मार्च
कोरडी हवा. माणसं 8. काम: विटा साफ करणे.

ढासळलेल्या भिंतीच्या विटा चिखलातून काढून, छिन्नी-हातोडीनं चुना काढून रचायच्या. आजच्या विटांचं माप निराळं, जुन्यात बसत नाहीत, म्हणून एकेक वीट वाचवायची. जुना चुना पापुद्र्यासारखा सुटतो. सिमेंट असतं तर वीट फुटली असती. मी तीन तासांत 94 केल्या. पोस्टमनकाकांनी दीडशे केल्या आणि ते सांगितलं नाही. नंतर मी त्यांचा ढीग मोजला.

संध्याकाळी बाबांना फोन. दर वेळचा पहिला प्रश्न: “आज किती माणसं?”

“आठ.”

“घरटी किती येतात?”

इथं घरटी वगैरे काही नाही, ज्याला यावंसं वाटतं तो येतो, असं मी चौथ्यांदा सांगितलं. बाबांना ते पटत नाही. खारेपाटात बंदिस्ती गावानंच राखायची होती. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली (भगदाड पडलं), खारं पाणी भातात घुसलं, की घरटी एक माणूस फावडं-टोपली घेऊन हजर. भांगाच्या दिवसांत, भरतीला जोर नसतो तेव्हा, चिखलाचे गोळे हातोहात देत खांड बांधायची. याला म्हणायचं जोळ. न येणाऱ्याला दंड. 1948 ला खारभूमीचा कायदा झाला, पुढं बांधांची देखभाल सरकारकडे गेली, आणि जोळ मोडली. बाबा ऐन उमेदीत होते तेव्हा ती मोडतच आली होती, तरी त्यांनी शेवटच्या दोन-तीन पाहिल्या आहेत.

“त्या कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात जातं?”

“कुणाच्याच नाही.”

“मग माल जातो?”

“नाही बाबा. होड्या जातील. हौसेच्या.”

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग ती जोळ नाय गो.”

शनिवार, 5 एप्रिल
लख्ख ऊन. माणसं 12. काम: चिकणमाती.

कालव्याचं पाणी धरून ठेवते ती ही माती. अठराव्या शतकातल्या ब्रिंडली या कालवे बांधणाऱ्या इंजिनिअरच्या काळापासून कालव्यांचा तळ असाच करत आले: चिकणमातीत पाणी मिसळायचं, तुडवायची, कापायची, पुन्हा तुडवायची, हवा निघून गेली पाहिजे. पूर्वी तुडवायला गुरं सोडत. तयार झाली की थराथरानं बसवायची. आज मिनी-डिगरच्या बकेटनं मळली आणि बुटांनी दाबली.

माझे पाय शिवशिवत होते. अनवाणी उतरू का, असं शिक्षिकाबाईंना विचारलं. या रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यात, सुरक्षेचे कागद त्यांच्याकडे. त्यांनी फक्त माझ्या पोलादी चवड्याच्या बुटांकडे पाहिलं. विषय संपला.

बूट तर बूट. टाच आधी, मग चवडा, मग गुडघ्यातून भार. एका ठिकाणी दोनदा पाय द्यायचा नाही, ओळीनं मागे सरकायचं. एकोणीस वर्षांचा पोरगा सकाळपासून तीन वाक्यं बोलला असेल, तो माझ्या शेजारी येऊन तसंच करायला लागला. थोड्या वेळानं सहा जण एका ओळीत मागे मागे सरकत होते. पोस्टमनकाकांनी व्हिडिओ काढला, तो बाबांना पाठवला.

उत्तर आलं: “पाणी जास्त झालंय. पेंढा कुठाय?”

शनिवार, 12 एप्रिल
पाणी जास्त झालं होतं. आठवडाभर ऊन आणि वारा. काठावरचा थर भेगाळला, भेगेत माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. वर ओलं गोणपाट टाकायचं ठरलं होतं. ते टाकायचं कुणी, हे ठरलं नव्हतं. माणसं 7, मूड वाईट. वहीत ‘अपघात’ या रकान्यात काय लिहावं ते कळेना. ‘नाही’ लिहिलं.

बुधवार, 30 एप्रिल
जादा दिवस. माणसं 5. भेगाळलेला थर उकरून पुन्हा मळला. या वेळी पाणी कमी. शेतकऱ्याकडून गवताच्या दोन पेंढ्या आणल्या: मातीत नाही घातल्या, वर पसरल्या, त्यावर ओलं गोणपाट. मातीत घालायला शिक्षिकाबाई तयार नाहीत, कुजून पोकळी होईल म्हणतात. बाबा म्हणतात, आमच्या बंदिस्तीत कुजून काय झालं? मी दोघांचे निरोप एकमेकांना पोचवते. दोघांनाही वाटतं, मी त्यांच्या बाजूची आहे.

शनिवार, 17 मे
पाऊस नाहीच. माणसं 9. काम: भिंतीचे पहिले चार थर.

चुना हायड्रॉलिक, म्हणजे ओलीतही घट्ट होणारा, पोत्यातून येतो. सिमेंट नाही. त्यावरून गेल्या सभेत बराच वेळ गेला. सिमेंटवाल्यांचं म्हणणं, काम पटापट होईल. चुनेवाल्यांचं म्हणणं, भिंत हलते, चुना तिच्याबरोबर हलतो, सिमेंट तडकतं. कुणी आवाज चढवला नाही. “हा एक विचार करण्यासारखा मुद्दा आहे” असं इथं कुणी म्हणालं की समजायचं, मुद्दा मेला. सिमेंटचा मुद्दा तीनदा विचार करण्यासारखा ठरला.

चुन्याला थंडी चालत नाही, पाच अंशांच्या खाली काम बंद. कडक ऊनही चालत नाही. वीट आधी भिजवायची, नाहीतर ती चुन्यातलं पाणी पिऊन टाकते. थर झाला की गोणपाट, त्यावर पाण्याचा फवारा. या वसंतात सगळीकडे ऊनच ऊन, म्हणून पाणी मारायची पाळी लावली. सोमवार-गुरुवार मी, कामावर जाताना.

वीट बसवायला अण्णा शिकवतात. चुना थापीवर घ्यायचा, मनगटाला एक झटका, तो थापीला चिकटतो. मग लांबट पसरायचा, वीट ठेवायची, थापीच्या दांड्यानं दोन ठोके. तिसरा ठोका मारला की अण्णा खाकरतात. माझ्या पहिल्या ओळीत एकवीस विटा, त्यातल्या सात त्यांनी शांतपणे काढून परत माझ्या हातात दिल्या.

शनिवार, 21 जून
उकाडा. माणसं 6. अकरा वाजता काम थांबवलं.

आज गोव्याचा एक तरुण आला, साष्टीचा. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं हजारोंनी आहेत, पण कालव्यावर आलेला हा पहिलाच. तो कोंकणीत बोलला, मी मराठीत, कुणाचं काही अडलं नाही. दरवाज्यांसाठीच्या खोबणी बघून म्हणाला, “हें मानशीवरी.”

खरंच की. लॉकचे दरवाजे बंद झाले की त्यांचं टोक वरच्या पाण्याकडे वळलेलं असतं, उथळ कमानीसारखं. वरचं पाणी जितकं रेटतं तितके ते घट्ट बसतात. कडीकोयंडा नाही. आमची उघाडी तशीच: भरती आली की खाडीचं पाणी फळी दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. गोव्यात खाजन शेतीला हीच मानस. रात्री दोनला उठून कुणी दार लावायला जात नाही. सगळ्यांनी सावलीत बसून बर्फ घातलेलं सरबत प्यायलं आणि खोबणीकडे बघत राहिले. अण्णांनी उघाडीचं चित्र काढून मागितलं. बिजागरी कुठे, हे मला सांगता आलं नाही. बाबांना विचारायचं.

(बाबा: “बिजागरी वर. खाली असती तर गाळानं अडकली असती. तुला एवढं नाय समजत?”)

शनिवार, 26 जुलै
माणसं 7. काम: हिमालयन बालसम उपटणे.

ओढ्याच्या काठानं गुलाबी फुलं, माणसाहून उंच. 1839 मध्ये कुणीतरी हौसेनं हिमालयातून बागेत लावायला आणलं, आता सगळ्या ओढ्यांच्या काठांवर पसरलंय. शेंग पिकली की हात लागताच फुटते, बी सात-सात मीटर उडतं. म्हणून शेंगा धरायच्या आत उपटायचं. मुळं वरवरची, पोरही उपटेल. मी शेंग हातात धरून ती फुटायची वाट बघत होते तेव्हा लक्षात आलं: अगं बाई, हा तर तेरडा! आपल्या तेरड्याचा दांडगा भाऊ. लहानपणी तेरड्याच्या शेंगा एकमेकींच्या कानापाशी नेऊन फोडायचो.

दुपारी फोन. परवाच्या अवसेच्या उधाणात बंदिस्तीला खांड गेली. बारा हात. आमच्या शेतात नाही, पण खालच्या आळीच्या भातात खारं पाणी. लावणी झालेली होती. अर्ज दिलाय, साहेब येऊन बघून जातील, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी.

“तोपर्यंत गावातली पोरं?”

“पोरं कामाला जातात. कुणी कंपनीत, कुणी मुंबईला. जेसीबीचं भाडं कोण देणार?”

मी बालसम उपटायला परत गेले. त्या दिवशी मी सगळ्यांपेक्षा जास्त उपटलं, असं शिक्षिकाबाईंनी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलंय.

शनिवार, 9 ऑगस्ट
माणसं 24! बाहेरून आलेली तरुण मंडळी. इथं उन्हाळ्यात कालव्यांवर आठवड्याची शिबिरं भरतात, 1970 पासून वॉटरवे रिकव्हरी ग्रुप हेच करतो: गावच्या सभागृहात झोपायचं, दिवसभर खणायचं. यांतले काही जण सुट्टीत आमच्याकडे एका दिवसासाठी वळले. आमच्या महिन्याच्या विटा दिवसात रचल्या. जाताना अण्णांनी त्यांच्या तीन ओळी पुन्हा काढल्या, पण ते गेल्यावर.

खांड तशीच आहे.

शनिवार, 30 ऑगस्ट
माणसं 8. बालसमचा शेवटचा हात.

उद्या गौरी. आमच्याकडे गौर तेरड्याची: रोपं मुळासकट आणायची, मुखवटा लावायचा, साडी नेसवायची. ढीगभर बालसम पायाशी पडलेलं, म्हटलं, चार रोपं घरी नेऊ का? शिक्षिकाबाईंनी नियम काढून दाखवला: या झाडाची ने-आण करायला मनाई. देवीसाठी पण? देवीसाठी पण. मग घरी जाताना नर्सरीतून बिझी लिझीच्या दोन कुंड्या घेतल्या. जात तीच, इम्पेशन्स. बुटकी आहे. गौर या वर्षी गुडघ्याएवढीच.

बुधवार, 24 सप्टेंबर
माणसं 5. भिंत कमरेपर्यंत पुरी. चुना बसू दे. दोन्ही टोकांना खोबणींमध्ये फळ्या बसवल्या.

शनिवार, 11 ऑक्टोबर
पाणी भरायला सुरुवात. ओढ्यातून दिवसाला 20 घनमीटरपर्यंत पाणी परवान्याशिवाय उपसता येतं, त्यापेक्षा जास्त नाही. आमच्या तुकड्याला सव्वाशेच्या आसपास लागेल. म्हणजे सात दिवस रोज थोडं थोडं. पंपाशेजारी पाळीनं बसायचं, मीटर बघायचा, वीस झाले की बंद. आजवर इतक्या शिस्तीत पाणी चोरलेलं मी पाहिलं नाही.

शनिवार, 18 ऑक्टोबर
ढगाळ, वारा अजिबात नाही. माणसं 13. धनत्रयोदशी.

काल संध्याकाळी पाणी खुणेला लागलं होतं. आज सकाळी खुणेच्या अकरा सेंटिमीटर खाली. कुणी काही बोललं नाही. पोस्टमनकाका म्हणाले, पाऊस पडला असता तर एवढं वाईट दिसलं नसतं.

गळती कुठे? भिंत कोरडी. फळ्या थोड्या पाझरतात, पण एवढ्या नाही. अण्णांना रंग टाकायचा होता, तो मागवावा लागेल, मंगळवारी येईल. मी बाबांना फोन लावला. तिकडे दुपारचे साडेतीन.

“कोंडा टाक,” म्हणाले. “वारा नसला पाहिजे. पाणी हलवू नको. एका जागी बसून राहा.”

भाताचा कोंडा स्विंडनात कुठला? शेतकऱ्याच्या तबेल्यात घोड्यांसाठी गव्हाचा कोंडा होता. दोन मुठी काठाकाठानं भुरभुरवल्या. मग तेरा माणसं काठावर मांडी घालून, कुणी गुडघे दुखतात म्हणून बादलीवर, चिवडा आणि चकल्या खात गप्प बसली. पाण्यावर पिवळसर साय. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं. मग त्या पोरानं बोट केलं. तो बोलला नाही, फक्त बोट केलं. उजव्या काठापासून हातभर अंतरावर कोंड्याची एक रेघ वाकली होती. अगदी सावकाश. कण एकामागून एक काठाकडे सरकत, तिथं एक वळसा घेत आणि बुडत. तपकिरी नाणं फिरावं तेवढा भोवरा.

अण्णांनी गुडघ्यावर बसून कोपरापर्यंत हात घातला. बुंधा. जानेवारीत तोडलेल्या तेवीसपैकी एक, जो आम्ही मुळासकट न काढता वर माती लिंपली होती. मूळ कुजलं, त्याच्या पोकळीतून पाणी पलीकडच्या शेतात. बाहेरच्या उतारावर गवत ओलं होतं, आणि त्या ओलीत एका सिग्नल क्रेफिशचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या नांगीवाल्या झिंग्यासारख्या प्राण्याचं, बीळ. ओढ्यातून वर चढलेलं. पूर्वी कुणीतरी धंद्यासाठी अमेरिकेहून आणलेले, आता काठ पोखरतात.

बाबांना सांगितलं. ते एकदम खूश झाले. “खेकडा! मी म्हणत होतो ना. बंदिस्ती पाण्यानं फुटत नाय, खेकड्यानं फुटते. पाणी मागनं येतं.” मग शिक्षिकाबाईंसाठी निरोप दिला, मुळ्या कुजतात त्याचं बघा, पेंढ्याचं नंतर. मी तो निरोप पोचवला नाही.

शनिवार, 8 नोव्हेंबर
माणसं 10. पाणी सोडलं. बुंधा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे आणखी दोन उपटून काढले. खड्ड्यात माती, सहा थर, प्रत्येक थर तुडवून. या वेळी ओळीत सगळ्यांना ठाऊक होतं, एका ठिकाणी दोनदा पाय द्यायचा नाही.

तासांचा हिशोब केला, अनुदानाच्या अर्जासाठी. आमच्या श्रमाचं पैशांत मोल धरून ते मंडळाचा वाटा म्हणून दाखवता येतं. वर्षभरात माझे 211 तास. अण्णांचे 340. पोरानं स्वतःचे तास कधीच मांडले नव्हते. मी मूळ वहीतून शोधून 160 भरले.

बाबांना हे ऐकवलं. न येणाऱ्याला दंड नाही, पण येणाऱ्याचं मोल सरकार मांडतं, हे त्यांना फार गमतीचं वाटलं. गावच्या खांडीचं विचारलं. अंदाजपत्रक झालंय. दरम्यान खालच्या आळीच्या सात-आठ जणांनी मागच्या भांगाला दोन दिवस खपून तात्पुरता बांध घातला. कुणी बोलावलं? कुणी नाही, ज्यांची शेतं होती ते गेले. बाबा काठावर खुर्ची टाकून बसले होते. सांगत होते, पाणी जास्त झालंय.

शनिवार, 29 नोव्हेंबर
माणसं 7. पुन्हा पाणी भरलं आहे. खुणेच्या एक बोट खाली. पण परवा पाऊस झाला, त्यामुळे हा आकडा धरायचा नाही असं ठरलं. पुढच्या शनिवारी परत मोजू. रात्री पाच अंशांच्या खाली जाणार, भिंतीच्या वरच्या थरावर गोणपाट टाकायचं आहे. टाकायचं कुणी, हे या वेळी वहीत लिहिलंय: मी.